बर्फ कारखान्याचं पॅनल: दोन महिने बंद, ऑगस्टात कटकट (चर्चा; प्रत्येक पोस्टवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीकाठ

रत्नागिरीच्या बाजूला खाडीपासून दीडेकशे मीटरवर असलेल्या बर्फ कारखान्याचं पॅनल (मोटर चालू-बंद करणारी विजेची पेटी) बदलायचं चाललंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बर्फालाही गिऱ्हाईक नाही. दोन महिने मेन (मुख्य स्विच) खाली असतो. होड्या बाहेर पडायच्या वेळी नेमकं पॅनल रुसतं.

सध्याचा माल असा: २००० मिमी उंच, ८०० रुंद, ४०० खोल सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याची पेटी, भिंतीला टेकून उभी. अमोनिया कॉम्प्रेसर ६० एचपी स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर, मग डेल्टात पूर्ण ताकदीने), कूलिंग पंप साडेसात, ब्राईनचा (मिठाच्या पाण्याचा) अ‍ॅजिटेटर ५, होइस्ट ३ एचपी. कंट्रोल २३० व्होल्ट फेज-न्यूट्रल. एक छोटा पीएलसी (कंट्रोलचा छोटा संगणक), त्याचे इनपुट २४ व्होल्ट डीसी. केबल वरून आत येतात. दाराला एक्झॉस्ट फॅन.

तक्रारी चार. कॉन्टॅक्टर (मोटरचे चुंबकी स्विच) चर्रर्र वाजतात. प्रेशर स्विच आणि कॉन्टॅक्टरच्या फीडबॅकचा इनपुट पीएलसीवर येतो-जातो. स्टारवरून डेल्टावर जाताना कधी कधी एमसीसीबी म्हणजे मोठा ब्रेकर पडतो (वर्षभरात अधूनमधून, ऑगस्टात जास्त). आणि विहिरीवरचा फ्लोट स्विच ३०० मीटर लांब आहे, तो उघडला तरी पॅनलमधला २३० व्होल्टचा छोटा रिले सुटत नाही.

नवीन कोटेशनमध्ये एसएस ३०४ची (स्टेनलेस) पेटी, आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बंदिस्तपणाचा दर्जा) आणि दोन फॅन लिहून आलंय. पैसे योग्य जागी जातायत का?

फेरूलवाला

नाही.

आयपी ६५ आणि दोन फॅन हे एकाच कागदावर कसं आलं ते आधी विचारा. दाराला साधा फिल्टर फॅन लावला की साधारण आयपी ५४च मिळतो. आणि तुमच्याकडे फॅन म्हणजे खारी हवा विकत घेऊन आत सोडणं. स्टार-डेल्टाच्या पॅनलमध्ये एवढी उष्णता नसतेच. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असता तर गोष्ट वेगळी.

मुख्य मुद्दा: कोकणात चालू पॅनलपेक्षा बंद पॅनल लवकर मरतं. चालू असताना कॉइल, ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय यांच्या उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश गरम राहते. बंद केलंत की पेटी थंड. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या पुढे असतो. म्हणजे पत्रा तीनच अंशांनी गार असला की आतून घाम फुटणार. रात्री पाऊस पडून शेड गार झाली, सकाळी दमट हवा शिरली, झालं काम. आयपी ६५ने हे थांबत नाही. पेटी तापते-निवते तशी श्वास घेते, आणि एकदा आत गेलेलं पाणी चांगल्या गॅस्केटमुळे उलट बाहेरच पडत नाही.

उपाय हीटर. २८ अंश, ९० टक्के असलेली हवा आत ५ अंशांनी तापवली की आर्द्रता साधारण ६८ टक्क्यांवर येते. तुमच्या पेटीचा उघडा पृष्ठभाग भिंतीकडची बाजू वजा धरून साधारण ४ चौरस मीटर. रंगवलेल्या पत्र्याला दर चौरस मीटरला, दर अंशाला ५.५ वॅट. ५.५ गुणिले ४ गुणिले ५ म्हणजे ११० वॅट. सगळीकडे सवयीने ६० वॅटचा एक हीटर ठोकतात तो इथे पुरत नाही. ७५चे दोन घ्या, तळाशी डाव्या-उजव्या कोपऱ्यात, पीव्हीसी डक्टपासून किमान १०० मिमी लांब. ह्युमिडिस्टॅट (आर्द्रतेवर चालणारा स्विच) ६५ टक्क्यांवर लावा. पेटीच्या तळाला ब्रीदर ड्रेन (ओल बाहेर सोडणारे प्लग) दोन.

आणि हीटरची लाइन मेन एमसीसीबीच्या आधीून, वेगळ्या एमसीबीवरून. नाहीतर १ जूनला मेन खाली करताना हीटरही जातो. सध्याच्या पॅनलमध्ये हीटर असेलच, पण बहुतेक मेनच्या नंतर जोडलेला असेल. बघून सांगा.

खाडीकाठ

बघितलं. ६० वॅटचा एक आहे. मेनच्या नंतर.

ब्राईनटँक

फेरूलवाल्यांशी सहमत, पण अमोनियाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पॅनल मशीन रूममध्येच आहे का? अमोनिया लोखंडाला फारसं काही करत नाही, पण ओल असली की तांबं आणि पितळ खातो. टर्मिनलवर निळसर-हिरवी पूड दिसली तर ते फक्त मिठाचं काम नाही. पितळी ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली घट्ट कडी), पितळी अर्थ स्टड, स्प्रिंगची पितळी पट्टी यांना बारीक चिरा जातात आणि हात लावला की तुटतात. निकेल प्लेटिंगचे ग्लँडही जिथे पान्याने ओरखडा पडतो तिथून सुरू होतात.

एसएस पेटीचे पैसे वाचवा आणि पॅनल शेजारच्या खोलीत न्या. मध्ये भिंत, भिंतीतून गेलेल्या केबलभोवती सीलिंग. बसबार (वीज वाटणाऱ्या जाड पट्ट्या) टिन केलेलं तांबं, ग्लँड पॉलिअमाइडचे किंवा एसएसचे. आर्मर्ड केबल असेल तर आर्मर अर्थ करायला मेटल ग्लँडच हवा, तिथे एसएस. मशीन रूमच्या एक्झॉस्ट फॅनचा स्विच आणि कॉम्प्रेसरचं इमर्जन्सी स्टॉप दाराबाहेरही हवं. गळती झाली की आत जाऊन बटण दाबायला कोणी जात नाही.

लोट्याचा फोरमन

एसएसवर बोलायचं तर समुद्राच्या हवेत ३०४वर चहाचे डाग पडल्यासारखे तांबूस ओघळ येतात. ताकद जात नाही, पण गिऱ्हाईक विचारतं "स्टेनलेस म्हणालात ना?" खाऱ्या हवेला ३१६. ते महाग. आत शेडमध्ये ठेवणार असाल तर २ मिमी सीआरसीए, सेव्हन टँक (गंज-तेल धुवायची सात टाक्यांची प्रक्रिया) करून ८० मायक्रॉन पावडर कोटिंग पुरे.

फक्त एक बघा: पत्रा गंजतो तो मधून नाही, कापलेल्या कडेवरून. साइटवर होल सॉने ग्लँड प्लेटला भोक पाडलं, कड तशीच सोडली, की पहिल्या पावसातच पावडर कोटिंग खालून फुगायला लागतं. भोक पाडलं की कानस, मग झिंक प्राइमर, तो सुकला की टच-अप. आणि पत्र्याचा बुरादा व्हॅक्यूमने काढायचा, फुंकायचा नाही. फुंकलेला बुरादा कॉन्टॅक्टरच्या पोल फेसवर जाऊन बसतो. स्क्रू, बिजागरी, लॉक एसएस ३१६चे मागा. पेटी चांगली आणि बिजागरी झिंकची, हा प्रकार नेहमीचा.

मेगर५००

कॉन्टॅक्टर वाजतात त्यावर. मीटर हातात घ्यायच्या आधी पाना-स्क्रूड्रायव्हर नको. वाजत असतानाच कॉइलच्या ए१-ए२वर (कॉइलची दोन टोकं) व्होल्टेज मोजा. फेज-न्यूट्रल पॅनलच्या इनकमरवर (बाहेरची लाइन येते तिथे) नाही, कॉइलवरच. कॉन्टॅक्टरला साधारण ८५ ते ११० टक्के व्होल्टेज लागतं. २३०च्या ८५ टक्के म्हणजे १९५.५. आता संध्याकाळी लाइन ३४० व्होल्टवर उतरली तर फेज-न्यूट्रल १९६. म्हणजे तुम्ही काठावरच उभे आहात. वर ६० एचपी उचलला की आणखी खाली.

कॉइलवर व्होल्टेज पुरेसं असून वाजत असेल तर दोष कॉन्टॅक्टरमध्ये. लाइन काढून, लॉक लावून उघडा. पोल फेसवर गंज किंवा चिकट मळ आहे का? शेडिंग रिंग तुटली आहे का? (पोल फेसवरची तांब्याची कडी. ती तुटली की दर सेकंदाला १०० वेळा चुंबक सैल पडतो, आणि तोच तो चर्रर्र आवाज.) गंज असेल तर सुक्या फडक्याने पुसा. तेल, ग्रीस, स्प्रे काही नाही. तेलाने धूळ धरते आणि नंतर कॉन्टॅक्टर सुटतच नाही, जे वाजण्यापेक्षा वाईट.

इनकमरला बरोबर आणि कॉइलवर कमी असेल तर मधला प्रत्येक कॉन्टॅक्ट चालू स्थितीत दोन्ही टोकांना मोजत जा. बंद कॉन्टॅक्टवर एखाद-दुसऱ्या व्होल्टहून जास्त दिसलं की तो सापडला. न्यूट्रल लिंकही विसरू नका, ऑगस्टात अर्ध्या वेळा तीच असते.

कंट्रोल ट्रान्सफॉर्मर

मग सरळ ४१५ / २३० कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा की. ५०० व्हीए. न्यूट्रलची भानगडच नको.

मेगर५००

न्यूट्रलची भानगड जाईल, कमी व्होल्टेजची नाही. ट्रान्सफॉर्मर म्हणजे स्टॅबिलायझर नव्हे. ४१५च्या टॅपवर ३४० आलं तर आउटपुट ८२ टक्के. ३८०च्या टॅपवर लावलात तर ८९ टक्के, बरं. पण मध्यरात्री लोड उतरून ४४० झालं की तोच ११६ टक्के देणार आणि कॉइल भाजणार.

नवीन पॅनल आहे तर सगळं कंट्रोल २४ व्होल्ट डीसीवर न्या. ८५ ते २६४ व्होल्ट इनपुट घेणारा पॉवर सप्लाय सहज मिळतो. त्याला लाइनचे चढउतार कळतही नाहीत. कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरना १०० ते २५० व्होल्ट चालणारी इलेक्ट्रॉनिक कॉइल घ्या, छोट्यांना २४ डीसी.

ट्रान्सफॉर्मर तरीही लावणार असाल तर दोन गोष्टी. प्रायमरीला सी कर्व्हचा छोटा एमसीबी लावू नका, चालू करतानाच्या झटक्याने पडतो. झटका सहन करणारा डी कर्व्ह किंवा मोटर सर्किट ब्रेकर. सेकंडरीची एक बाजू अर्थ करा, फ्यूज फक्त दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्या कॉइलची ए२ अर्थ केलेल्या बाजूला थेट. मध्ये एकही कॉन्टॅक्ट नाही. तसं नसेल तर ओल्या कोकणात कुठे दोन अर्थ फॉल्ट झाले की मोटर आपली आपण सुरू होते.

कुडाळचो मिस्त्री

पीएलसी इनपुट येणं-जाणं याचं उत्तर २३०वर चालणाऱ्या माणसाला पटत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

कॉन्टॅक्टच्या चांदीवर हवेतल्या गंधकाने काळी पुटी चढते. मासळीचा कचरा कुजतो तिथे, खारफुटीच्या चिखलाकाठी, हा वायू असतोच. २३० व्होल्टला ही पुटी काहीच नाही, ठिणगीत जळून जाते. पण पीएलसीचा इनपुट २४ व्होल्टवर जेमतेम ५ ते ७ मिलिअँप ओढतो. एवढ्याने पुटी फुटत नाही. कॉन्टॅक्टरच्या बऱ्याच ऑक्झिलरी (सिग्नलच्या) ब्लॉकवर किमान १७ व्होल्ट, ५ मिलिअँप लिहिलेलं असतं, ते नव्या कोऱ्या आणि कोरड्या कॉन्टॅक्टचं. दोन महिने बंद राहून पुटी चढलेला कॉन्टॅक्ट मल्टिमीटरवर बीप देतो, कधी देत नाही, आणि माणूस पीएलसीचं कार्ड बदलून मोकळा होतो.

करायचं काय: जिथे सुका, कमी करंटचा सिग्नल आहे तिथे सोन्याचा मुलामा असलेला कॉन्टॅक्ट मागवा. प्रेशर स्विच आणि रिले दोन्हींत मिळतो. पण लक्षात ठेवा, हा मुलाम्याचा कॉन्टॅक्ट एकदा जरी २३०च्या कॉइलवर वापरलात तर सोनं जळतं, मग तो साधाच. जुन्या पॅनलला तात्पुरता उपाय: इनपुट टर्मिनल आणि ०व्ही यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा १ वॅटचा रेझिस्टर. कॉन्टॅक्टमधून ११ मिलिअँप जास्तीचा जातो आणि पुटी फुटायला मदत होते. आठ इनपुटला लावले तर २४ व्होल्टच्या सप्लायवर ९० मिलिअँपचा बोजा, काही विशेष नाही.

आणि कृपा करून पॉलिश पेपरने चांदी घासू नका. पॉवर कॉन्टॅक्टची तर नाहीच. काळा पडलेला कॉन्टॅक्ट खराब नसतो, खड्डे पडून चांदी संपलेला खराब असतो.

जांभ्या

वरून केबल आत येतात हे सगळ्यांनी वाचलं ना? पाणी ग्लँडमधूनच यावं असं नाही, आर्मरच्या तारांमधून केशनलिकेसारखं उतरतं. नवीन पॅनलला खालूनच एंट्री, ३०० मिमीचा चौथरा, आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली झोल द्या म्हणजे थेंब तिथून गळेल. न वापरलेल्या भोकांना ब्लँकिंग प्लग. ट्रेंचमधून येणारी जागा फायर सीलिंग फोमने बंद करा, साधी पुट्टी उन्हाळ्यात सुकून भेगा पडतात.

कुडाळचो मिस्त्री

त्या भेगांतून मुंग्या, आणि मुंग्यांमागून पाल. पालीक काय म्हायत आर फेज खंयचो नि वाय फेज खंयचो. बसबारवर उष्णतेला येऊन आडवी झाली की मेन गेला. त्यामुळे फेज-फेज २५ मिमी आणि फेज-अर्थ २० मिमी अंतर पुरे असं म्हणून उघडे बार सोडू नका. हीट श्रिंक स्लीव्ह आणि समोर पॉलिकार्बोनेटचा पडदा.

लोट्याचा फोरमन

स्टार-डेल्टा.

६० एचपी म्हणजे ४५ किलोवॅट, ४१५ व्होल्टला फुल लोड साधारण ८० अँप (नेमप्लेट बघा). डेल्टात मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधून ५८ टक्के जातो, ४६ अँप. स्टारमधून एक तृतीयांश, २७. म्हणून मेन-डेल्टा किमान ५० अँप एसी-३ (मोटर लोडचं रेटिंग), स्टार ३२. खाऱ्या हवेत मी दोन्ही एक साइज वर घेईन, तो माझा हट्ट समजा. ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असेल तर सेटिंग ४६, ८० नव्हे. ही चूक भयंकर कॉमन आहे: नेमप्लेटवरचा आकडा डोळे मिटून डायलवर. मग मोटर जळते आणि रिले शांत.

डेल्टात जाताना ट्रिप होण्याची कारणं क्रमाने तपासा. पहिलं, जोडणी. आर फेज यू१ आणि व्ही२वर, वाय फेज व्ही१ आणि डब्ल्यू२वर, बी फेज डब्ल्यू१ आणि यू२वर (यू, व्ही, डब्ल्यू ही तीन वाइंडिंग, १ आणि २ त्यांची टोकं). उलटी जोडी लावली तरी मोटर त्याच दिशेने फिरते, म्हणून कोणाला संशय येत नाही, पण बदलताना करंटचा झटका मोठा येतो. तपासायला मेन खाली, लॉक, मोटरकडच्या सहाही वायर सोडा (नाहीतर वाइंडिंगमधून सगळीकडे कंटिन्युइटी दिसेल). मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टर हाताने दाबून धरा. एमसीसीबीच्या आर आउटगोइंगवरून बझर यू१ आणि व्ही२ दोन्हींवर वाजला पाहिजे, तिसऱ्या कुठल्याच टोकावर नाही.

दुसरं, स्टारमध्ये मोटर वेगाला पोचते का? क्लॅम्प मीटर लावून बघा. स्टारमधला करंट खाली येऊन स्थिरावल्यावर डेल्टा व्हायला हवा. तो अजून वरच असताना टायमरने ढकललं तर स्टार-डेल्टाचा उपयोग शून्य. सहा ते दहा सेकंदांच्या आसपास जमलं पाहिजे. पंधरापर्यंत वाढवून जमत नसेल तर दोष टायमरचा नाही, कॉम्प्रेसर लोडवर सुरू होतोय.

तिसरं, स्टार सुटणं आणि डेल्टा लागणं यात ५० मिलिसेकंदांचा खंड. साधा ऑन-डिले टायमर वापरला की हा खंड मिळत नाही. स्टार-डेल्टाचाच टायमर घ्या. शिवाय दोन्ही कॉन्टॅक्टरमध्ये मेकॅनिकल इंटरलॉक, फक्त वायरिंगचा नको.

ब्राईनटँक

दुसऱ्या मुद्द्याला जोड: ऑगस्टात जास्त होतं त्याचं कारण इथेच असावं. दोन महिने बंद राहिल्यावर क्रँककेसमध्ये द्रव अमोनिया साठू शकतो, कॉम्प्रेसर सुरू होताना जड जातो. क्रँककेस हीटर असेल तर तो आदल्या दिवसापासून चालू हवा, कॉम्प्रेसरचा बायपास व्हॉल्व्ह उघडा ठेवून सुरू करायचं, आणि आधी हाताने फ्लायव्हील दोन-चार वेढे फिरवून बघायचं. मेन लॉक करून. पॅनलला शिव्या नंतर.

मेगर५००

आणि व्होल्टेज काठावर असेल तर डेल्टा लागताच कंट्रोल आणखी खाली जातं, कॉन्टॅक्टर सुटतो, परत लागतो, आणि त्या दुसऱ्या लागण्यात एमसीसीबी जातो. तक्रार एक आणि तीन एकच असू शकतात.

प्रश्नकर्ता_देवरुख

मधेच विचारतो. स्टार-डेल्टाऐवजी सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवत मोटर सुरू करणारा) लावला तर?

लोट्याचा फोरमन

चालेल, झटका जाईल. पण बायपास कॉन्टॅक्टरसकट घ्या. बायपास नसेल तर दर अँपला साधारण ३ वॅट उष्णता, ८० अँपला २४० वॅट, ती आत कोंडते. मग परत फॅन, परत खारी हवा. कार्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल न लागू देणारा लेप) आहे असं लेखी घ्या. आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार ते आधी विचारा. कॉन्टॅक्टर चिपळूणला दुकानात मिळतो.

फेरूलवाला

फ्लोट स्विच राहिला. ३०० मीटर केबलची दोन कोअर म्हणजे लांबलचक कपॅसिटरच. साधारण ०.३ मायक्रोफॅरड प्रति किलोमीटर धरा, ३०० मीटरला ०.०९. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून साडेसहा मिलिअँप वाहतो, स्विच उघडा असतानाही. २३० एसीचा छोटा प्लग-इन रिले चार-पाच मिलिअँपवर चालतो. तो कसा सुटेल?

ओळखायला: स्विच उघडा ठेवून डिजिटल मीटरने मोजा, पाऊणशे-शंभर व्होल्ट किंवा जास्तही दिसेल. मग समांतर १५ वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा. व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आलं तर ते भूत. नाही आलं तर केबलमध्ये खरंच पाणी आहे, मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) लावा.

जुन्या पॅनलला रिलेच्या कॉइलला समांतर १ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी एक्स-२ कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहम. नवीन पॅनलला २४ डीसी, विषय संपला. डीसीत स्थिर झाल्यावर कपॅसिटिव्ह करंट नसतो. व्होल्टेज पडेल ही भीती नको: दीड स्क्वेअर तांब्याचा जाऊन-येऊन रोध ७.३ ओहम, रिले ४० मिलिअँपचा, म्हणजे ०.३ व्होल्ट. मात्र विहिरीकडून येणारी ही लाइन विजेचा झटकाही आणते, तिला सिग्नल लाइनचा सर्ज प्रोटेक्टर लावा.

जांभ्या

सर्जवरून. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात आपल्याकडे कडकडाट असतो, इनकमरला सर्ज अरेस्टर हवाच. पण लोक तो पॅनलच्या एका टोकाला बसवून दीड मीटर वायरने अर्थला नेतात. फेजपासून अरेस्टर आणि अरेस्टरपासून अर्थ बार, दोन्ही मिळून ५० सेंटिमीटरच्या आत. वेढे घालून सुबक बांधलेली वायर दिसायला छान, कामाला निकामी.

अर्थ पिट जांभ्यात असेल तर उन्हाळ्यात मोजा, पावसात नको. पावसात आकडा छान येतो. सुक्या जांभ्याचा रोध भलताच. खड्ड्यात बेंटोनाइट भरा, पिट दोन-तीन करून जोडा. जीआयची पट्टी जमिनीत शिरते तिथे, माती आणि हवेच्या सीमेवर, आधी कुजते; तेवढ्या भागाला बिटुमेनची टेप.

कुडाळचो मिस्त्री

इनकमिंग केबल अ‍ॅल्युमिनियमची आहे का? एमसीसीबीच्या तांब्याच्या पट्टीवर साधा अ‍ॅल्युमिनियम लग (केबलच्या टोकाची कडी) नको, बायमेटल लग. केबलची टोकं वायर ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग पेस्ट, मग हेक्स क्रिंप. मीठ आणि ओल असली की तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा जोड म्हणजे छोटी बॅटरीच, दोन पावसाळ्यांत पांढरी पूड.

कंट्रोल वायरला बूटलेस फेरूल (तारेच्या टोकावर दाबायची नळी). टोकाला शिसं लावून स्क्रूखाली दाबू नका, शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड सैल होतो. अडीच स्क्वेअरच्या टर्मिनलला अर्धा-पाऊण न्यूटन मीटरच्या आतच टॉर्क, टर्मिनलवर आकडा छापलेला असतो.

खाडीकाठ

भरपूर मिळालं. आता ठरवलेलं असं: पॅनल शेजारच्या खोलीत, सीआरसीए २ मिमी, फॅन रद्द, खालून एंट्री, २४ डीसी कंट्रोल, ७५चे दोन हीटर मेनच्या आधीून. यंदा मात्र जुन्याच पॅनलवर हंगाम सुरू करावा लागेल. ३१ जुलैला रात्री चालू करून बघतो.

मेगर५००

३१ला नको, २४-२५ला करा. आधी ४८ तास नुसता हीटर, बाहेरून तात्पुरती लाइन देऊन. दार बंद, पण तळाचा एक प्लग उघडा, ओल बाहेर पडायला वाट हवी. मग सगळी टर्मिनल टॉर्कने. मग ५०० व्होल्ट मेगर: पीएलसी, पॉवर सप्लाय, सर्ज अरेस्टर, फेज फेल्युअर रिले, डिजिटल मीटर हे सगळं सोडवून. १ मेगओहमच्या खाली असेल तर चालू करायचं नाही. १ ते ५मध्ये असेल तर आणखी एक दिवस हीटर आणि परत मोजा. आकडा वाढत असेल तर ओल होती, तिथेच अडकला असेल तर इन्सुलेशन गेलंय. मोटर वेगळ्या मोजा, स्टार-डेल्टाची सहा टोकं सोडून वाइंडिंग-वाइंडिंगही.

मग पॉवरचे फ्यूज काढून नुसतं कंट्रोल चालवा. प्रत्येक प्रेशर स्विच, ओव्हरलोडचं टेस्ट बटण, इमर्जन्सी स्टॉप हाताने. सीक्वेन्स चार-पाच वेळा नीट झाला की फ्यूज.

फेज फेल्युअर रिले व्होल्टेजवर चालणारा असेल तर त्यावर फार विसंबू नका. चालू मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच बरंचसं व्होल्टेज तयार करते आणि रिलेला सगळं आलबेल वाटतं. नवीन पॅनलला करंटवर चालणारा घ्या.

फेरूलवाला

हीटर चालू आहे की नाही हे दारावरच्या लॅम्पवरून ठरवू नका. लॅम्प फक्त एमसीबी लागल्याचं सांगतो. दोन हीटरना क्लॅम्प मीटरवर ०.६५ अँप दिसला पाहिजे. ०.३३ दिसला तर एक गेलाय. जूनमध्ये वॉचमनला आठवड्यातून एकदा हे बघायला शिकवा, किंवा हीटर लाइनला छोटा अँपमीटर दारावरच द्या.

आणि मेनच्या आधीून घेतलेली ही लाइन मेन खाली केली तरी जिवंत राहणार. तिच्या सगळ्या वायर नारिंगी, टर्मिनल वेगळे आणि पारदर्शक झाकणाखाली, दारावर पाटी: "मेन बंद असतानाही हीटरला २३० व्होल्ट". मराठीत, मोठ्या अक्षरात.

खाडीकाठ

पाटी आजच करायला टाकतो. नारिंगी वायर रत्नागिरीत मिळाली नाही, कोल्हापूरहून मागवली आहे.